२४ आकडे सांगतात तुमच्या गावात कुठलं झाड जगेल: व्लादिमीर कोपेन यांची गोष्ट

आज नवीन फोन नाही आणि नवीन ॲपही नाही. आज एका माणसाबद्दल आणि त्याच्या अल्गोरिदमबद्दल लिहितोय. हा अल्गोरिदम कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचा, १९०० सालचा आहे. इनपुट फक्त २४ आकडे आणि आउटपुट दोन-तीन अक्षरं. पण त्या अक्षरांवरून कळतं की तुमच्या गावात साधारण कुठल्या प्रकारची झाडं आपल्या आपण जगतील.

या माणसापर्यंत मी पोहोचलो ते एका मेलेल्या रोपामुळे.

आमचं घर इतवारीत, किराणा ओळीजवळ. बाबांचं दुकान आहे. लहानपणापासून बदाम, अंजीर, पिस्ते यांच्या पोत्यांमध्ये वाढलो, आणि गेल्या काही वर्षांत दुकानात ऑलिव्ह तेलाच्या बाटल्याही आल्या. २०२३ मध्ये त्या बाटल्यांचे भाव इतके चढले की बाबांनी मोठी बाटली ठेवणंच बंद केलं. मला वाटलं, आपणच एक झाड लावून बघू. ऑनलाइन ऑलिव्हचं रोप मागवलं. लावण्याआधी इंजिनिअरसारखा थोडा हिशोबही केला: ग्रीसमधल्या अथेन्सला वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, नागपूरला १,००० मिलिमीटरच्या वर. ऊन दोन्हीकडे भरपूर. म्हणजे पाणी दुपटीहून जास्त, झाड खुश!

झाड खुश झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं सडली. कुंडी अजून गच्चीवर रिकामी पडली आहे.

मामाजींना हे कळल्यावर ते आधी पोटभर हसले. त्यांची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. मग गंभीर होऊन त्यांनी एक प्रश्न टाकला. बागेतली दोन एकरातली झाडं म्हातारी झालीत, काढावी लागतील. तिथं पुन्हा संत्राच लावायचा का? आज लावलेलं कलम पाच-सहा वर्षांनी नीट फळ देणार आणि पुढे पंधरा-वीस वर्षं उभं राहणार. तोवर इथली हवा संत्र्याची राहील का? तू कॉम्प्युटरवाला, बघून सांग.

ते बघता बघता मी कोपेन यांच्यापर्यंत आलो. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी हे नाव भूगोलात पाठ केलेलं असेलच. मीही शाळेत ऐकलं होतं आणि विसरलो होतो.

रेल्वेच्या आधीचा प्रवास

व्लादिमीर कोपेन यांचा जन्म १८४६ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. घराणं मूळ जर्मन. आजोबा डॉक्टर होते, रशियात बोलावून आणलेल्या जर्मन डॉक्टरांपैकी एक. वडील पीटर कोपेन भूगोल आणि लोकसंख्येचे अभ्यासक. थोडक्यात, घरात नकाशे आणि आकडे यांची कमी नव्हती.

कुटुंबाची जमीन काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियाच्या दक्षिण किनाऱ्यावर होती. व्लादिमीर शाळेत होता सिम्फेरोपोलला, म्हणजे क्रिमियातच, पण डोंगराच्या अलीकडे. आता नकाशा उघडून बघा. सिम्फेरोपोलच्या उत्तरेला सपाट गवताळ मैदान आहे. हिवाळ्यात तिथं कडाक्याचा वारा सुटतो. दक्षिणेकडे निघालं की डोंगर लागतो, दाट जंगल लागतं. घाट उतरलं की एकदम वेगळीच दुनिया: सायप्रस, द्राक्षवेली, अंजीर. अंतर फार नाही, पण डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतो आणि समुद्र हिवाळा सौम्य ठेवतो. तेवढ्याने झाडं बदलतात.

सेंट पीटर्सबर्ग ते क्रिमिया हा लांबचा प्रवासही त्या काळी बराचसा घोडागाडीचा. दिवसच्या दिवस बाहेर बघत बसायचं. उत्तरेला सूचीपर्णी जंगल, मग रुंद पानांची झाडं, मग नुसतं गवत, मग डोंगर आणि समुद्र. झाडं बदलली म्हणजे हवा बदलली, हे त्या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केलं, त्याचं बी इथलं आहे.

आधी झाडं, मग हवामान

कोपेन १८६४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकायला लागले. तिथून जर्मनीत हायडेलबर्गला गेले आणि १८७० मध्ये लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली. विषय होता तापमानाचा झाडांच्या वाढीवर होणारा परिणाम. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा फरक इथूनच पडतो. हवामानाचे बहुतेक अभ्यासक तेव्हा थर्मामीटरकडून सुरुवात करत. कोपेन यांनी झाडाकडून केली.

१८७५ मध्ये ते हॅम्बर्गला आले. तिथं समुद्रावरच्या हवामानाचा अभ्यास करणारी जर्मन सरकारी संस्था नुकतीच उभी राहिली होती. कोपेन तिच्यात एका विभागाचे प्रमुख झाले. जहाजांवरून येणाऱ्या नोंदवह्यांमध्ये वारा, तापमान, हवेचा दाब सगळं असायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर जगभर फिरणाऱ्या सेन्सरचा डेटा एका ऑफिसात जमा होत होता, फक्त तो शाईने लिहिलेला होता. वायव्य जर्मनी आणि लगतच्या समुद्रासाठी हवामानाचा अंदाज देण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. वरच्या हवेचं मोजमाप घेण्यासाठी त्यांनी पतंग आणि फुगे उडवले. १८९० मध्ये ढगांचे प्रकार दाखवणारा चित्रसंग्रह काढण्यातही त्यांचा हात होता.

पण मन झाडांकडेच होतं. १८८४ मध्ये त्यांनी जगाचा एक नकाशा काढला. त्यात पट्टे होते ते वर्षाच्या सरासरी तापमानाचे नाही, तर वर्षातले किती महिने गरम, किती मध्यम आणि किती थंड जातात याचे. फरक लहान वाटतो, पण माझी गच्चीवरची चूक नेमकी इथली होती. मी वर्षाची बेरीज बघितली. झाड महिने बघतं.

दोन-तीन अक्षरांचा कोड

स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी आधीच जगातल्या वनस्पतींचे, त्यांना किती ऊब आणि किती ओल लागते त्यावरून, पाच गट केले होते. कोपेन यांनी ते पाच गट घेतले आणि प्रत्येकाची सीमा आकड्यांत कुठे बसते ते शोधलं. १९०० साली त्यांनी ही वर्गवारी छापली. मजा म्हणजे त्यात हवामानांना झाडांची नावं होती. भूमध्य समुद्राच्या काठचं हवामान म्हणजे ऑलिव्ह हवामान. पावसाळा आणि लांब कोरडा काळ असलेलं उष्ण हवामान म्हणजे बाओबाब हवामान. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच.

१९१८ मध्ये त्यांनी याला अक्षरांचं रूप दिलं. मुख्य नियम असे:

१. सर्वात थंड महिन्याची सरासरी १८ अंश किंवा जास्त असेल तर गट ए, म्हणजे उष्ण कटिबंध.

२. ऊब खूप आणि त्या मानाने पाऊस कमी असेल तर गट बी, म्हणजे कोरडं.

३. सर्वात थंड महिना १८ ते उणे ३ अंशांमध्ये असेल तर गट सी, म्हणजे सौम्य हिवाळा.

४. त्याहून थंड, पण उन्हाळ्यात निदान एक महिना १० अंशांच्या वर जात असेल तर गट डी.

५. एकही महिना १० अंशांच्या वर जात नसेल तर गट ई. इथं झाड उभं राहत नाही.

दुसरं अक्षर पाऊस कधी पडतो ते सांगतं. उन्हाळा कोरडा असेल तर एस, हिवाळा कोरडा असेल तर डब्ल्यू. सी गटातलं तिसरं अक्षर उन्हाळा किती कडक ते सांगतं.

बघितलंत? ही सरळ इफ-एल्सची साखळी आहे. १२ महिन्यांचं तापमान आणि १२ महिन्यांचा पाऊस दिला की काम झालं. मी हा कोड एका रविवारी दुपारी लिहिला, शंभर ओळीही लागल्या नाहीत.

अथेन्ससारख्या ठिकाणी पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च पडतो आणि उन्हाळा जवळपास कोरडा जातो. ऑलिव्ह हिवाळ्यात पाणी पितं, त्या गारव्यात फुलायची तयारी करतं आणि उन्हाळ्यात आपल्या लहान, चिवट पानांवर तग धरतं. नागपूरला पाऊस जून ते सप्टेंबर. मुळं गरम चिखलात बुडलेली. पाणी दुप्पट होतं हे खरं, पण ते उलट्या वेळी होतं.

आमच्याकडे वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, संत्र्यामुळे. कोपेन यांच्या नकाशात मात्र कॅलिफोर्नियाचा बराचसा भाग ऑलिव्हच्या गटात येतो आणि आपण गोरखचिंचेच्या. फळ सारखं, हवा वेगळी. संत्रा मुळात भूमध्य समुद्राकडचा नाहीच, तो आशियातला. आपल्या संत्र्याची जात युरोपात पोहोचली ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याकडे शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि बहार घेतो. आंबिया बहाराला डिसेंबरचा गारवाही मदतीला येतो. तो गारवा कमी झाला तर काय, हाच मामाजींचा खरा प्रश्न होता.

नागपूरचा हिशोब हाताने

आता बी गटाचा नियम बघू, कारण हवामान बदलाशी त्याचा थेट संबंध आहे. आज वापरतात त्या रूपात तो असा आहे: वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणा. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर या काळात पडत असेल तर त्यात २८० मिळवा. मुख्यतः हिवाळी सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवू नका. वर्षाचा पाऊस या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते ठिकाण कोरडं.

नागपूरचं सरासरी तापमान सुमारे २७ अंश. २७ गुणिले २० म्हणजे ५४०, अधिक २८०, झाले ८२० मिलिमीटर. आपला पाऊस १,००० च्या वर. म्हणून आपण कोरड्या गटात नाही. हाच पाऊस हिवाळ्यात पडला असता तर सीमा फक्त ५४० ची असती, कारण थंडीत पाणी कमी उडतं, जमिनीत जास्त मुरतं.

आता बघा, तापमान एक अंशाने वाढलं की ही सीमा २० मिलिमीटरने वर सरकते. पाऊस तेवढाच राहिला तरी गाव कोरडेपणाच्या रेषेकडे सरकतं. झाड कुठेही जात नाही, रेषा त्याच्याकडे चालत येते.

जावई आणि सरकत्या रेषा

रेषा सरकतात हे कोपेन यांना माहीत नव्हतं असं नाही. उलट, त्यावर त्यांनी आयुष्यातली मोठी बाजी लावली.

त्यांची मुलगी एल्से हिचं १९१३ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांच्याशी लग्न झालं. खंड सरकतात हे सांगणारे ते हेच वेगेनर. सुरुवातीला कोपेन यांनी त्यांना या नादापासून सावध केलं होतं. तरुण माणसाने आपला विषय सोडून दुसऱ्यांच्या विषयात शिरू नये, अशी काळजी होती. पण पुरावे बघत गेले तसं त्यांचं मत बदललं. सत्तरी ओलांडलेल्या नामवंत शास्त्रज्ञाने जावयाच्या वादग्रस्त कल्पनेमागे उभं राहणं सोपं नव्हतं.

१९२४ मध्ये दोघांनी मिळून प्राचीन काळातल्या हवामानावर पुस्तक काढलं. दगडी कोळसा सापडतो तिथं कधी घनदाट दलदलीचं जंगल होतं, मिठाचे थर सापडतात तिथं कोरडी हवा होती, हिमनदीने घासलेले दगड सापडतात तिथं बर्फ होता. गाडून गेलेल्या झाडांवरून त्यांनी जुनी हवा वाचली. त्याच पुस्तकात सर्बियन गणितज्ञ मिलुतिन मिलांकोविच यांचे आलेख होते, पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे ऊन कसं कमी-जास्त होतं ते दाखवणारे. हिमयुगासाठी हिवाळा किती कडक यापेक्षा उन्हाळा किती गार हे महत्त्वाचं, कारण उन्हाळ्यात बर्फ वितळला नाही तरच तो साठतो, हा मुद्दा मिलांकोविच यांना कोपेन यांनीच सुचवला होता. इथंही तीच नजर आहे: वर्षाची सरासरी नको, कुठल्या महिन्यात काय होतं ते बघा.

फक्त हे बदल हजारो, लाखो वर्षांचे होते. एका माणसाच्या आयुष्यात रेषा सरकेल असा विचार त्या नकाशांमध्ये नव्हता.

१९२४ मध्येच वेगेनर यांना ऑस्ट्रियात ग्राझला प्राध्यापकाची जागा मिळाली आणि कोपेनही त्यांच्याबरोबर तिकडे राहायला गेले. १९३० च्या नोव्हेंबरमध्ये वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फावर मोहिमेत वारले. कोपेन तेव्हा ८४ वर्षांचे होते. जावई गेला, सहकारीही गेला. तरी त्याच सुमारास त्यांनी रुडॉल्फ गायगर यांच्यासोबत हवामानशास्त्राचा मोठा बहुखंडी ग्रंथ हाती घेतला, आणि १९३६ मध्ये, वयाच्या नव्वदीजवळ, आपल्या वर्गवारीचं शेवटचं रूप त्यात छापलं. तीन-साडेतीन दशकं ते स्वतःचाच कोड दुरुस्त करत राहिले. १९४० मध्ये ग्राझला त्यांचं निधन झालं. त्यांना एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेचंही वेड होतं. सगळ्या देशांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. ती भाषा फार पसरली नाही, पण त्यांची अक्षरं मात्र आज जगभरचे अभ्यासक वाचतात.

आज तो नकाशा कुठे आहे?

गायगर यांनी नंतर नकाशा सुधारला, म्हणून आज त्याला कोपेन-गायगर वर्गवारी म्हणतात. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने जगाचा असा नकाशा एक किलोमीटर इतक्या बारकाईने काढला. एक आत्ताचा आणि एक २०७१ ते २१०० या काळातला अंदाज. दोन्ही शेजारी ठेवले की कोपेन यांच्या रेषा सरकताना दिसतात.

भूमध्य समुद्राचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जास्त वेगाने तापतोय. स्पेन हा ऑलिव्ह तेलाचा जगातला सर्वात मोठा उत्पादक. तिथं २०२२ मध्ये फुलोऱ्याच्या वेळी उष्णतेची लाट आली, वर दुष्काळ. त्या हंगामात तेलाचं उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी झालं. आमच्या दुकानातल्या बाटलीचा भाव चढला तो यामुळे. दुसरीकडे, हिवाळे सौम्य होत जातील तशी ऑलिव्हला उत्तरेकडे नवीन जागा मिळेल असा अंदाज आहे. पण मोठं झाड उचलून तिकडे नेता येत नाही.

इथं कोपेन यांच्या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. ती सरासरीवर चालते, सहसा तीस वर्षांच्या. फ्रान्सच्या दक्षिणेत १९५६ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की ऑलिव्हच्या बागाच्या बागा मेल्या. सरासरी हवामान तेव्हाही ऑलिव्हचंच होतं. झाड मारायला एक आठवडा पुरतो.

मामाजींना काय सांगितलं

मी त्यांच्या भागाचे २४ आकडे टाकले. अक्षरं ए-डब्ल्यू आली, जी नागपूरची आहेत. मग तापमान दोन अंशांनी वाढवून पुन्हा कोड चालवला. कोरडेपणाची सीमा ८२० वरून ८६० झाली, अक्षरं तीच राहिली. मामाजींना वाटलं, चला, चिंता मिटली.

मिटली नाही, हे मला सांगावं लागलं. अक्षर बदललं नाही म्हणजे संत्रा सुखात राहील असं नाही. गोरखचिंच आणि संत्रा एका कोडखाली आले म्हणून दोघांची गरज सारखी होत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा चार दिवसांत आंबिया बहाराची फळगळ होते. डिसेंबर गार नसेल तर फूल कमी. सप्टेंबरमध्ये पाणी साचलं तर मुळं आणि बुंधा सडतो, माझ्या ऑलिव्हसारखा. यातलं काहीच सरासरीत दिसत नाही. शिवाय सरासरी मागच्या तीस वर्षांची आणि झाड पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं.

मामाजींनी शांतपणे ऐकलं. दोन एकरांपैकी एका एकरात त्यांनी यंदा संत्रा लावला आहे, पण उंच गादीवाफ्यावर, पाण्याचा निचरा होईल असा, आणि ठिबकवर. दुसरा एकर दोन वर्षं तुरीला ठेवून बघणार आहेत. त्या एकराच्या बांधावर आता एक पर्जन्यमापक बसवलाय आणि झाडाच्या सावलीत कमाल-किमान थर्मामीटर. रोजचा आकडा ते मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. आतापर्यंत एकही दिवस चुकलेला नाही.

तुमच्या गावाचे २४ आकडे हवामान खात्याच्या माहितीत किंवा जवळच्या मोठ्या शहराच्या नावाने शोधलेत तर सापडतील. वर दिलेले नियम कागदावर लावून बघा, अर्धा तास लागेल. आणि रोप मागवण्याआधी त्याच्या मूळ गावी पाऊस किती पडतो यापेक्षा कधी पडतो ते आधी बघा. माझी कुंडी अजून रिकामी आहे. या पावसाळ्यात तिच्यात कडीपत्ता लावतोय.